खुणांना व्याकरण असते

एखाद्या माणसाची भाषा आपल्याला येत नाही, यात आपला दोष किती? चिनी भाषा येत नाही म्हणून कुणी पापनिवेदनाला जात नाही. पण तो माणूस चीनमधला नसून आपल्याच आळीतला असेल, लहानपणापासून रविवारच्या मिस्साला आपल्या पुढच्या बाकावर बसत असेल, तर?

चार वर्षांपूर्वी आमच्या शेजारचे एक गृहस्थ वारले. त्यांचा मुलगा जन्मापासून कर्णबधिर. तेव्हा तो विशीत होता. वडील शेवटचे पाच दिवस इस्पितळात होते, पण मुलाला तिकडे नेण्याचे कुणाला सुचले नाही. 'त्याला काय सांगणार, कसे सांगणार' असे म्हणता म्हणता तो घरीच राहिला. पेटी घरी आली त्या सकाळी तो आम्हा उभयतांपाशी आला. त्याने मिशीच्या जागी बोट फिरवले, म्हणजे पप्पा. मग पेटीच्या बाजूने हात उचलून आपल्या छातीकडे आणला. भुवया वर गेल्या होत्या, मान थोडी पुढे झुकली होती. आम्हाला वाटले, पप्पांची आठवण येते असे म्हणतो आहे. आम्ही मान डोलावली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आभाळाकडे बोट केले. तो शांत झाला. आपण त्याचे सांत्वन केले या समाधानात आम्ही दफनविधीला गेलो.

सांकेतिक भाषा शिकायला आम्ही त्यानंतर दोन वर्षांनी सुरुवात केली, तीही काही मोठा हेतू धरून नव्हे. निवृत्तीमुळे वेळ मोकळा होता आणि मोबाईलवर दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचे व्हिडिओ सापडले. हे केंद्र २०१५ साली स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द जमा झाले होते. आम्ही रोज दहा खुणा पाठ करायचो. पाणी, झाड, आजारी, उद्या. शब्द पाठ झाले की भाषा आली, अशी आमची समजूत होती.

त्या मुलासमोर पहिले वाक्य केले आणि तो पोट धरून हसला. आम्ही तीस वर्षे कचेरीत इंग्रजीत काम केलेली माणसे. व्हिडिओखालचा मजकूरही इंग्रजी. म्हणून आम्ही इंग्रजीच्या क्रमाने 'व्हॉट इज युवर नेम' हाताने करायला निघालो होतो. 'इज' साठी खूणच सापडेना! त्याने आमचे हात धरून वाक्य नीट लावून दिले: तू, नाव, काय. अहो, ही तर आपली मराठी! क्रियापद शेवटी, 'नाही' शेवटी, 'काय' शेवटी. वाडवळीत वाढलेल्या आमच्यासारख्यांना हे घरच्यासारखेच वाटले. इंग्रजी तेवढी अंगावरून उतरवायची होती.

आनंद फार टिकला नाही. कारण पुढचे व्याकरण ना इंग्रजीत आहे ना मराठीत. 'मी तुला दिले' आणि 'तू मला दिलेस' यांत आपण शब्दांची रूपे बदलतो. तिथे खूण तीच, फक्त हात कुणाकडून कुणाकडे गेला ते पाहायचे. देणे, विचारणे, मदत करणे, बोलावणे, अशी कितीतरी क्रियापदे हवेतून चालत जातात. समोर नसलेल्या माणसालाही हवेत एक जागा दिली जाते आणि गोष्ट संपेपर्यंत तो तिथेच उभा असतो. उलरिके झेशान या जर्मन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी भारत आणि पाकिस्तानातील या भाषेचा बारकाईने अभ्यास केला आहे. प्रश्नासाठी तिच्यात मुख्यतः एकच खूण असल्याचे त्यांनी दाखवले. तिला 'चेहरा' जोडला की कोण, 'जागा' जोडली की कुठे. आणि ज्या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही असते, त्याला बहुधा हाताची खूणच नसते. तो चेहऱ्यावर असतो. भुवया वर, मान पुढे.

म्हणजे ही भाषा मासळी साफ करता करता ऐकता येत नाही. हातातले काम ठेवून समोरच्याच्या तोंडाकडे बघावेच लागते. (लग्नाला छत्तीस वर्षे झाली, आपण घरात एकमेकांकडे न बघता किती बोलतो ते आम्हाला प्रथमच कळले.)

प्रश्नांचा हा धडा आम्ही एका संध्याकाळी पाहत होतो आणि मध्येच दोघेही गप्प झालो. भुवया वर, मान पुढे. त्या सकाळी मुलाने आम्हाला काही सांगितले नव्हते. त्याने विचारले होते: पप्पांनी मला बोलावले का? आणि आम्ही मान डोलावून 'हो' म्हटले होते.

इस्पितळात जे जवळ होते त्यांच्याकडे आम्ही चौकशी केली. वडील शेवटचे दोन दिवस शुद्धीवरच नव्हते. त्यांनी कुणालाच बोलावले नव्हते.

आमची चूक एकट्याची नाही, असे म्हणायला इतिहासात पुष्कळ आधार सापडतो. अठराव्या शतकात पॅरिसच्या आबे द लेपे या धर्मगुरूंनी दोन कर्णबधिर बहिणींपासून सुरुवात करून शाळा काढली. खुणांना त्यांनी मान दिला, पण त्यांनाही खुणांवर फ्रेंच व्याकरण चढवल्याशिवाय राहवले नाही. १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने खुणांपेक्षा तोंडी बोलणे शिकवण्याचा मार्ग श्रेष्ठ ठरवला. मतदान करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडले, व्हँकुव्हरच्या परिषदेत. आपल्याकडे मुंबईत कर्णबधिरांची पहिली शाळा १८८० च्या दशकात बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने निघाली, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. पण देशभरच्या बहुतेक शाळांत पुढे कित्येक वर्षे वर्गात ओठ वाचायचे आणि खुणा करायच्या त्या वर्गाबाहेर, अशीच रीत होती. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचे अपंगत्व असलेल्या ५० लाखांहून अधिक व्यक्तींची नोंद आहे. शिकायचे ते त्यांनी, असे आपण धरून चाललो.

आपल्याला मात्र वेगळी वागणूक मिळाली होती. इंग्रजी बोलत वाढलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले. त्यांनी इथल्या माणसांना 'आधी माझी भाषा शिका' म्हटले नाही. स्वतः विद्यार्थी झाले, मराठीत ख्रिस्तपुराण रचले आणि कोकणीचे व्याकरण लिहिले, जे त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले. व्याकरण लिहायचे म्हणजे या लोकांच्या बोलण्यालाही नियम आहेत, ते हातवारे किंवा बडबड नव्हे, हे आधी मानावे लागते.

मार्कच्या शुभवर्तमानातील सातव्या अध्यायात बहिऱ्या माणसाची हकीकत आहे. तिच्यातला 'एफ्फाथा' हा शब्द आपल्या लक्षात राहतो. त्याआधीचे राहत नाही. येशू त्याला गर्दीतून बाजूला घेतो, त्याच्या कानांत बोटे घालतो, जिभेला स्पर्श करतो, वर पाहून उसासा टाकतो. ज्याला ऐकू येत नाही त्याला समजेल अशा रीतीने आधी सगळे घडते, आणि शब्द नंतर येतो.

आता करायचे काय, यावर आमच्यातच दोन मते पडली. एक म्हणणे असे, की बिचारा त्या 'हो' वर शांत झाला आहे, ती शांती कशाला मोडायची? शिवाय न समजता डोलावलेली मान म्हणजे खोटे बोलणे नव्हे. हे खरे. पण प्रश्न समजल्यावर तेच उत्तर तसेच राहू दिले, तर त्या दिवसापासून ते खोटे होते, आणि आमचे होते. दुसरेही एक होते. त्याला काय सोसेल ते आपणच ठरवायचे, हा तोच न्याय झाला ज्याने तो पाच दिवस घरी राहिला होता. ऐकू येणारा मुलगा असता तर त्याला कुणी नुसती मान डोलावून परत पाठवला असता का?

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आम्ही त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. पप्पा, दवाखाना, बेशुद्ध, दोन दिवस, इतके नीट जमले. पुढचे वाक्य करताना हात चुकला. आमचा हात त्याच्याकडून वडिलांच्या जागेकडे गेला. म्हणजे आम्ही त्याला म्हणत होतो, तू पप्पांना बोलावले नाहीस. त्याने आमचे मनगट धरले, हात उलटा फिरवून त्या रिकाम्या जागेकडून आपल्या छातीकडे आणला, आणि शेवटचा 'नाही' स्वतःच केला.

बराच वेळ तो पागोळ्यांकडे बघत राहिला. मग एकेक विचारू लागला. खाट कुठे होती, जवळ कोण होते, नाकात नळी होती का, दुखत होते का. साडेनऊ वाजेपर्यंत आम्ही उत्तरे देत होतो. जी ठाऊक नव्हती ती दुसऱ्या दिवशी त्याच्या चुलत्याला विचारून आणली.