पडणाऱ्याचा वाटा

ऑक्टोबर २००७ मध्ये हैदराबादेत जागतिक लष्करी क्रीडास्पर्धा झाल्या. देशोदेशीचे सैनिक ज्युदोसाठी या शहरात उतरले होते. तरीही हैदराबादचे खेळाडू म्हटलं की सायना, सिंधू, सानिया हीच नावं ओठांवर येतात. ज्युदोतलं एकही येत नाही. बॅडमिंटनसाठी गोपीचंद यांनी घर गहाण टाकून अकादमी उभी केली. ज्युदोलाही असा कुणीतरी हवाच. पण ज्युदोचा विजेता घडायला आणखी एक माणूस लागतो, ज्याची आपण कुठे नोंदच ठेवत नाही: पडायला तयार असलेला जोडीदार.

ज्युदो शिकायला गेलेल्या मुलाला आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीला, पाठ गोल आणि अंग गादीला टेकतं त्याच क्षणी तळव्यासकट अख्खा हात गादीवर आपटायचा. दणका हातात जिरतो, डोकं वाचतं. मग एकच डाव, शेकडो वेळा. एकानं बाही आणि कॉलर धरायची, कंबर आत घालायची, समोरच्याचा तोल पुढे काढायचा. दुसऱ्यानं अंग आखडायचं नाही, सैलही सोडायचं नाही. तो ताठरला तर डाव बसत नाही. आपणहून उडी मारून पडला, तर बसल्यासारखा वाटतो आणि स्पर्धेत उघडा पडतो. प्रामाणिकपणे पडणं ही मोठी विद्या आहे, असं मी मानतो.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोतल्या एका बौद्ध मंदिरात, बारा चटयांच्या जागेत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. जुन्या जिउजित्सूतले जीवघेणे प्रकार त्यांनी सरावाच्या झुंजीतून वगळले. त्यामुळे पूर्ण ताकदीनं लढूनही जोडीदार दुसऱ्या दिवशी धडधाकट परत येऊ लागला. त्यांच्या परंपरेतले मित्सुयो माएदा ब्राझीलला गेले आणि तिथे ग्रेसी कुटुंबानं जमिनीवरची झुंज वाढवली. तिथेही तोच करार आहे: पकड बसली की हातानं थोपटायचं आणि समोरच्यानं तत्काळ सोडायचं. या भरवशावाचून त्या विद्येचा एक दिवसही सराव होणार नाही.

आपल्या तालमीला हे सांगायला नको. जोर, म्हणजे सरावाची कुस्ती, करायला जोड लागतेच. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. त्यांच्या वजनगटात सुवर्णपदक घेणारा जपानचा शोहाची इशिई मूळचा ज्युदोपटू. युद्धानंतर जपानात ज्युदोवर निर्बंध आले म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. खाशाबांच्या हेलसिंकीवारीसाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं, ही गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे आणि ती असायलाच हवी. पण त्यांच्याशी रोज मातीत झटणाऱ्यांची नावं किती जणांना सांगता येतील?

२०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कपिल परमारनं ६० किलो गटात कांस्यपदक जिंकलं. ज्युदोतलं भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक पदक. मध्य प्रदेशातल्या सीहोरजवळच्या या मुलाची दृष्टी लहानपणी शेतातल्या पंपाचा विजेचा धक्का बसल्यानंतर अधू होत गेली. पुढे भावासोबत त्यानं चहाची टपरीही चालवली. पदकाच्या झुंजीत ब्राझीलच्या प्रतिस्पर्ध्याला त्यानं १०-० असं हरवलं. दृष्टिबाधितांच्या ज्युदोत दोघांनी आधी एकमेकांची पकड घ्यायची असते, मगच पंच झुंज सुरू करतात. समोरच्याचं वजन कुठल्या पायावर सरकलं, हे मुठीतल्या कापडातून कळावं लागतं. ही जाण पुस्तकातून येत नाही, एकट्यानं घाम गाळूनही येत नाही. कुणीतरी रोज आपलं अंग त्यासाठी द्यावं लागतं.

हैदराबादेतल्या एखाद्या ५२ किलोच्या मुलीला म्हणूनच प्रशिक्षकाइतकीच गरज आहे तिच्या वजनाच्या दुसऱ्या मुलीची. आपण मात्र जिंकलेली एक निवडून दूरच्या शिबिरात पाठवतो. मागे राहिलेल्यांची सर्वांत चांगली जोडीदार जाते आणि तिचीही सवयीची जोड तुटते. माझा आग्रह असा: शिष्यवृत्ती एकीला देऊ नका. एकाच वजनगटातल्या चौघींना, त्यांच्याच शहरात, एकाच गादीवर, निदान पाच वर्षं द्या. आणि क्रीडा कोट्यातून नोकऱ्या देताना पदकाबरोबर या सरावाचेही गुण धरा, म्हणजे उरलेल्या तिघींना दुसऱ्याच वर्षी गादी सोडावी लागणार नाही.