परवाना कोणाला, पहारा कोणाला

फेब्रुवारी 2024च्या सुरुवातीला आठवडाभरात मुंबईच्या परिसरात दोनदा गोळ्या चालल्या. 2 तारखेच्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, खुद्द वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, जमिनीच्या वादातून गोळीबार झाला आणि त्या आरोपाखाली एका विद्यमान आमदाराला अटक झाली. 8 तारखेला बोरिवलीत एका माजी नगरसेवकाला फेसबुकवरचं थेट प्रक्षेपण चालू असताना गोळ्या घालण्यात आल्या. मारणाऱ्याने मग स्वतःवरही गोळी झाडली. ते पिस्तूल त्याचं नव्हतंच. ते त्याच्या अंगरक्षकाचं होतं आणि परवाना उत्तर प्रदेशातला होता.

अशा आठवड्यानंतर घराघरांत एक वाक्य ऐकू येतं: पोलीस ठाण्यात ही गत, तर आपलं कोण बघणार? आपल्याजवळच काहीतरी असलेलं बरं. या वाक्यात भीती आहे, तसा राज्यव्यवस्थेवरचा अविश्वासही आहे. शस्त्राबद्दलची चर्चा बहुधा त्यातल्या भीतीवर थांबते. मला अविश्वास अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो अनुभवातून आलेला आहे आणि पुष्कळदा रास्त आहे.

तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांनी जमिनींचे व्यवहार उघडे पाडले, धमक्या आल्या म्हणून पोलीस संरक्षण मागितलं आणि 13 जानेवारी 2010च्या सकाळी ते भर रस्त्यात मारले गेले. त्याआधी सुमारे सव्वातीन वर्षं, 29 सप्टेंबर 2006 रोजी, भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे गावाच्या जमावाने ठार केले. मायलेकींनी एका मारहाणीच्या प्रकरणात साक्ष दिली होती आणि त्यातले आरोपी त्याच दिवशी जामिनावर सुटून आले होते. धोका कुठून येणार हे माहीत नसण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे काही पोलिसांवर निष्काळजीपणाबद्दल कारवाई झाली, पण ती चार प्रेतांनंतर. ज्यांनी कायद्यावर भरवसा ठेवून साक्ष दिली, अर्ज केले, त्यांनाच तो भरवसा महाग पडला. अशा माणसाला ‘व्यवस्थेवर विश्वास ठेवा’ असं सांगायला जीभ धजावत नाही.

मग त्याच्या हातात बंदूक द्यावी का? आपल्याकडे हा प्रश्न अमेरिकेतून आला असं समजणं चूक आहे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, 1878मध्ये, दोन कायदे झाले. एकाने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचं तोंड बांधलं, दुसऱ्याने देशी माणसाचं शस्त्र परवान्याखाली आणलं. युरोपियनांना परवान्यातून सूट होती. सरकारचा आपल्या प्रजेवरचा अविश्वास इतक्या उघडपणे क्वचितच कायद्यात उतरला असेल. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोश्यांना बरोबर घेऊन पुणे परिसरात बंड केलं. वृत्तपत्रांवरचा कायदा चार वर्षांत रद्द झाला. शस्त्रांवरचा कायदा मात्र इंग्रज गेल्यावरही टिकला; त्याच्या जागी नवा कायदा मंजूर झाला तो 1959मध्ये.

काँग्रेसने या कायद्याविरुद्ध 1887च्या मद्रास अधिवेशनापासून ठराव केले. 1918मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना गांधीजींनी काढलेल्या पत्रकातही साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याचा कडक निषेध आहे. आज बंदुकीचे कैवारी ते वाक्य गांधीजींच्या चित्राखाली छापतात आणि ते सैन्यभरतीच्या पत्रकातलं आहे हे सांगायचं विसरतात. गांधीजींचा राग राष्ट्राच्या अपमानाबद्दल होता. घरोघरी पिस्तूल असावं, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. 1931च्या कराची अधिवेशनाने तर मूलभूत हक्कांच्या यादीतच, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला.

म्हणूनच डिसेंबर 1948मध्ये घटना समितीत जे झालं ते नीट समजून घ्यायला हवं. ह. वि. कामत यांनी कराचीच्या ठरावाची आठवण देत शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत यावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. परक्या सरकारने आत्मरक्षणाचं साधन हिरावलं होतं तेव्हाची मागणी समजण्यासारखी होती, आता परिस्थिती बदलली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा, राज्याने हाक दिली तर शस्त्र उचलण्याचं नागरिकाचं कर्तव्य त्यांना महत्त्वाचं वाटलं. त्या वेळी फाळणीच्या कत्तली ताज्या होत्या, आणि एका बेरेटा पिस्तुलाने गांधीजींचा प्राण घेतला त्याला जेमतेम दहा महिने झाले होते. ज्या समाजाला शतकानुशतकं गावाच्या मर्जीवर जगावं लागलं, त्या समाजातून आलेल्या माणसाने हा निर्णय घेतला. घराघरांत शस्त्र आलं तर ते गावात कोणाच्या घरी आधी पोचेल, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. हा अर्थ मी लावतो आहे, त्यांनी तो त्या शब्दांत मांडलेला नाही. पण पुढच्या पंच्याहत्तर वर्षांचा अनुभव त्याला दुजोरा देतो.

1959चा कायदा वाचला तर तो तितका वाईट नाही. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही, असं त्याच्या कलम 14मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. नकाराची कारणं लेखी नोंदवायची आहेत. पीक राखण्यासाठी खऱ्या गरजवंताला ठासणीची बंदूक द्यावी, अशीही तरतूद आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर हवं असेल तर ‘योग्य कारण’ आहे अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. ही खात्री पोलिसांच्या अहवालावर पटते. इथेच सगळी मेख आहे. ज्याचा पोलिसांवर विश्वास उरलेला नाही, त्याला शस्त्रासाठी पोलिसांचीच शिफारस लागते. ज्याची पोलीस ठाण्यात ऊठबस आहे, त्याचं कारण आपोआप योग्य ठरतं.

बीडकडे पाहा. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबर 2024 रोजी अपहरण करून अमानुष हत्या झाली. त्यानंतर जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांची चर्चा सुरू झाली आणि बाराशेहून अधिक परवाने असल्याचं पुढे आलं. कमरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्यांची, हवेत बार काढणाऱ्यांची चित्रणं लोकांनी पाहिली. मग छाननी झाली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले, त्यांत गुन्हे दाखल असलेल्यांचेही होते. रद्द करण्याजोगे इतके परवाने मुळात कोणाच्या खात्रीने दिले गेले, कोणाच्या अहवालाने त्यांचं नूतनीकरण झालं, याचं उत्तर मात्र कोणी दिलेलं नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला, खंडणीची तक्रार करणाऱ्याला, गावगुंडाशी एकट्याने भांडणाऱ्या सरपंचाला त्या बाराशे परवान्यांनी किती सुरक्षित केलं, हे बीडच्या माणसाला विचारावं.

आता दुसरं टोक. कोकणातल्या शेतकऱ्याकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बंदूक असते, कित्येकदा आजोबांच्या वेळची. तिच्यावर त्याचं भात रानडुकरांपासून आणि बागायत वानरांपासून राखलं जातं. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. महाराष्ट्रात विधानसभेच्या निवडणुका ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतात, म्हणजे भात कापणीला आलेलं असताना. लोकसभेच्या एप्रिल-मेमध्ये, म्हणजे आंबा-काजूच्या ऐन हंगामात. सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करू नयेत, छाननी समितीने प्रत्येकाचा वेगळा विचार करावा, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2009मध्ये गोव्याच्या एका प्रकरणात सांगितलं. तरी सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या शेतकऱ्यांना दर निवडणुकीत हीच मागणी पुन्हा करावी लागते. एका वेळी एकच बार टाकता येणाऱ्या बंदुकीने कोण मतदान केंद्र ताब्यात घेणार आहे? खऱ्या गरजेसाठी दिलेलं शस्त्र काढून घेताना व्यवस्था तत्पर असते, ही बोच त्या शेतकऱ्याला असेल तर ती रास्त आहे.

याहून मोठी गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्याखाली 1995मध्ये नियम झाले. त्यातला तिसरा नियम असा: जिथे अत्याचाराचा धोका आहे ते भाग राज्य सरकारने शोधून काढावेत, तिथल्या बिगर-अनुसूचित लोकांचे शस्त्र परवाने आवश्यक तर रद्द करावेत, बेकायदा शस्त्रं जप्त करावीत, आणि गरज असेल तर अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी शस्त्र परवाने द्यावेत. दुबळ्याच्या हाती शस्त्र देण्याची तरतूद भारतीय राज्याने स्वतःच्या नियमात स्वतःहून लिहून ठेवली आहे. खैरलांजी घडलं तेव्हा हा नियम अकरा वर्षांचा होता.

मला स्वतःला त्या नियमातला शेवटचा भाग सर्वांत कमी कामाचा वाटतो. परवाना मिळाला, कर्ज काढून पिस्तूलही घेतलं, तरी चाळीस-पन्नास जणांच्या जमावापुढे एक घर काय करणार? आणि त्या घराने गोळी झाडली तर आत्मरक्षणाचा हक्क न्यायालयात शाबीत करेपर्यंत वर्षं जातील. भारतीय न्याय संहितेत तो हक्क कलम 34 ते 44मध्ये आहे, पण कच्च्या कैदेतल्या माणसाचं घर ती कलमं चालवत नाहीत. नियमाचा पहिला भाग मात्र खरा जीव वाचवणारा आहे: धोका आधी ओळखा, दबंगांची शस्त्रं काढून घ्या. तो अंमलात आणायला बंदूक नको, जिल्हाधिकाऱ्याची सही पुरते.

अमेरिकेने दुसरा रस्ता धरला. तिथे हक्क घटनेत आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2008च्या हेलर निकालात तो व्यक्तीचा हक्क मानला. त्याआधी 2005मध्ये त्याच न्यायालयाने कॅसल रॉक प्रकरणात ठरवलं की, न्यायालयाचा संरक्षण आदेश हातात असलेल्या आईलासुद्धा पोलिसांकडून त्याच्या अंमलबजावणीचा घटनात्मक हक्क नाही. तिच्या तीन मुलींना त्यांच्या बापाने मारलं होतं. राज्य वाचवणार नाही, तर स्वतः वाचवा, असा या दोन निकालांचा एकत्रित अर्थ सामान्य माणसाने लावला तर त्याला दोष कसा द्यायचा? स्मॉल आर्म्स सर्व्हेच्या 2017च्या अंदाजानुसार तिथे नागरिकांकडे 39 कोटींहून अधिक बंदुका आहेत, लोकसंख्येपेक्षा जास्त. तरी 24 मे 2022 रोजी टेक्ससमधल्या युवाल्डीच्या शाळेत एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, आणि तीनशेहून अधिक पोलीस जमून सत्याहत्तर मिनिटं मारेकऱ्यापर्यंत पोचले नाहीत. चाळीस कोटी बंदुकांनी पोलिसांना उत्तरदायी केलं नाही. तिकडे राहणाऱ्या आपल्या मराठी मुलांची मुलं शाळेत बाकाखाली लपण्याची कवायत करतात, ही गोष्ट इथल्या आजी-आजोबांना विसरता येत नाही.

आपल्याकडे त्याच संस्थेच्या अंदाजात 7 कोटींहून अधिक बंदुका आहेत, त्यांतल्या सहा कोटींहून जास्त नोंदीबाहेरच्या. डॉ. नरेंद्र दाभोलकर, गोविंद पानसरे, गौरी लंकेश यांना मारणाऱ्यांनी परवान्यासाठी अर्ज केला नव्हता. गावठी कट्ट्याला चारित्र्य पडताळणी लागत नाही. दाभोलकरांनी पोलीस संरक्षण घेतलं नव्हतं, आणि मागून येणाऱ्या गोळीपुढे खिशातलं पिस्तूलही उपयोगाचं नव्हतं. या तिघांना वाचवू शकली असती ती फक्त आधीची कारवाई: धमक्यांचा तपास, शस्त्रं पुरवणाऱ्यांचा माग, एका खुनाचा छडा दुसऱ्याच्या आधी.

सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग प्रकरणात पोलीस सुधारणांचे सात आदेश दिले ते 22 सप्टेंबर 2006 रोजी, खैरलांजीच्या बरोबर आठवडाभर आधी. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र प्राधिकरण असावं, हा त्यांतला एक आदेश. महाराष्ट्राने कायदा बदलला 2014मध्ये, आणि जिल्ह्याजिल्ह्यात हवं होतं ते प्राधिकरण विभागाच्या पातळीवरच थांबवलं. गडचिरोलीच्या आदिवासी बाईने पोलिसांविरुद्ध दाद मागायला नागपूर गाठायचं. अविश्वासाचं उत्तर शस्त्रात नसून इथे आहे, आणि नेमकं तेच अर्धवट ठेवलं आहे.

वाचकांना माझी एक विनंती आहे. माहिती अधिकाराचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात आणि पोलीस अधीक्षकांकडे करा, शहरात पोलीस आयुक्तांकडे. चार गोष्टी विचारा. जिल्ह्यात शस्त्र परवाने किती आणि त्यांतले गुन्हे दाखल असलेल्यांकडे किती? गेल्या पाच वर्षांत पोलीस संरक्षणाचे अर्ज किती आले, आणि किती अर्जदारांना लेखी उत्तर गेलं? अत्याचारप्रवण म्हणून कोणती गावं नोंदली आहेत? आणि 1995च्या तिसऱ्या नियमाखाली आजवर काय केलं? उत्तर तीस दिवसांत देणं कायद्याने बंधनकारक आहे. आलेलं उत्तर गावच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचा.