दोन चौकटींमधली भिंत

1748 साली पॅरिसच्या लुव्रमध्ये भरलेल्या चित्रप्रदर्शनात मोरिस काँतँ द ला तूर याने राजा पंधरावा लुई आणि राणी मारी लेश्चिन्स्का यांची पेस्टलमधली व्यक्तिचित्रे मांडली. राजा चिलखतात, राणीच्या हातात मिटलेला पंखा. लग्नाला 23 वर्षे झाली होती. लग्नाच्या वेळी राजा 15 वर्षांचा आणि राणी 22 वर्षांची. 1727 ते 1737 या काळात राणीने दहा मुलांना जन्म दिला, आणि त्यानंतर दोघांचे सहजीवन जवळजवळ संपले. 1745 पासून राजाची प्रेयसी मादाम द पाँपादूर व्हर्सायमध्ये राहत होती. चित्रांसमोर गर्दी करणाऱ्या पॅरिसकरांना हे सगळे ठाऊक होते. तरीही राजा-राणीची जोडी जगापुढे आलीच.

अशा जोडचित्रांतून राजा-राणीचा संसार शोधायला गेले, की पदरी काही पडत नाही. फ्रान्सच्या गादीवर स्त्रीला हक्क नव्हता. राणीचे राज्यातले स्थान दोनच गोष्टींवर उभे होते: ती राजाची पत्नी होती आणि युवराजाची आई होती. दोन्ही गोष्टी चित्रात दाखवायच्या, तर राजा तिच्या जवळपास हवाच. म्हणून शेजारची चौकट. रिवाजाप्रमाणे राजा पाहणाऱ्याच्या डावीकडे, राणी उजवीकडे. म्हणजे राणी राजाच्या डाव्या हाताला येते. वामांगी हा शब्द ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या वाचकाला ही मांडणी समजावून सांगावी लागत नाही.

पण ही दोन माणसे जोडीने चित्रकारापुढे बसत, असे समजू नये. कार्ल व्हॅन लू याने 1747 मध्ये राणीचे भव्य तैलचित्र केले, त्यातला चेहरा त्याने ला तूरच्या पेस्टलवरून घेतला. चेहरा एकीकडचा, पोशाख दुसरीकडचा, आणि मग नकला करणाऱ्यांचे हात. परदेशी दरबारांत, वकिलातींत जोड्या पाठवायच्या असत. त्या अशाच तयार होत. एकत्र असण्याचा भास कारखान्यात घडवला जाई.

मला त्या 1748 च्या प्रदर्शनातले दुसरे चित्र अधिक मोलाचे वाटते. झाँ-मार्क नातिए याने काढलेली तीच राणी. साध्या, घराबाहेर घालायच्या पोशाखात आपल्याला रंगवावे, असे तिनेच सांगितले होते. लाल झगा, एक हात उघड्या धर्मग्रंथावर, नजर वाचनातून नुकतीच उठून बाजूला गेलेली. मुकुट नाही, राजवस्त्र नाही. चेहऱ्यावर थकवा आहे आणि गोडवाही. या चित्रापुढे उभे राहिल्यावर शेजारी राजा असावा असे वाटतच नाही. त्यानंतर ती कोणत्याही चित्रकारापुढे बसली नाही. आपले शेवटचे चित्र कसे असावे, हे तिने ठरवले, आणि त्यात कोणाची पत्नी म्हणून ती दिसत नाही. या निवडीतला तिचा मान मला फार मोठा वाटतो.

पाँपादूरला तर जोडीची चौकट मिळणे शक्यच नव्हते. ला तूरने 1755 मध्ये तिला एकटीला रंगवले, जवळपास पूर्ण उंचीचे. टेबलावर माँतेस्क्यूचा ग्रंथ आणि विश्वकोशाचा खंड. जिथे राजाचे चित्र असायचे, तिथे पुस्तके आली.

पुढचा राजा सोळावा लुई याच्या काळात हा ताण उघड्यावर आला. 1778 मध्ये एलिझाबेथ विजे-ल ब्रं हिने त्याची राणी मारी आंत्वानेत हिला आईकडे, व्हिएन्नाला पाठवण्यासाठी पांढऱ्या साटिनच्या प्रचंड झग्यात रंगवले. लग्नाला आठ वर्षे झाली होती. पहिले मूल त्याच वर्षाच्या डिसेंबरात जन्मले. या चित्रात वर, उंच चौथऱ्यावर, सोळाव्या लुईचा अर्धपुतळा आहे. नवरा बायकोच्या चौकटीत शिरला तो दगड होऊन. 1783 मध्ये याच चित्रकर्तीने राणीला मलमलीच्या सैल झग्यात, गवताच्या हॅटमध्ये दाखवले, तेव्हा गहजब झाला. राणी अंतर्वस्त्रांत उभी आहे म्हणाले, लिआँच्या रेशीम विणकरांचे पोट मारते म्हणाले. चित्र प्रदर्शनातून उतरवावे लागले आणि त्याच्या जागी रेशमातली, हाती गुलाब घेतलेली राणी आली. लोकांना खटकले ते कापड, हे खरे. पण त्या बाईशेजारी राज्याभिषेकाचा झगा घातलेला राजा टांगून पाहा. जोडी जमत नाही. ती कोणत्याच राजाची राणी वाटत नाही, आणि ते सहन होणारे नव्हते.

राजाचे चित्र मात्र जुन्याच वाटेने चालले होते. परराष्ट्रमंत्री व्हेर्जेन याने आंत्वान-फ्राँस्वा काले याच्याकडून करवून घेतलेला सोळावा लुई, 1701 मध्ये इयासँत रिगोने रंगवलेल्या चौदाव्या लुईचाच पवित्रा घेऊन उभा आहे: निळा झगा, सोनेरी लिलीची फुले, पुढे काढलेला पाय.

कालेचा राजा आणि विजे-ल ब्रंची राणी यांच्या नकलांची एक पूर्णाकृती जोडी 1784 मध्ये अमेरिकेला पोचली. स्वातंत्र्ययुद्धातल्या मित्राची आठवण म्हणून तिथल्या संसदेने, काँग्रेसने, ती 1779 मध्येच मागितली होती. न्यू यॉर्कला, मग फिलाडेल्फियाला, जिथे काँग्रेस गेली तिथे ती चित्रे गेली. 1793 च्या जानेवारीत राजाचे आणि ऑक्टोबरात राणीचे मस्तक पॅरिसमध्ये उडवले गेले. राजा नको म्हणून लढलेल्या त्या देशाच्या सभागृहात ती जोडी त्यानंतरही होती, मोठमोठ्या सोनेरी चौकटींत, पूर्वीसारखीच एकमेकांजवळ.