मिटलेलं कासव

महादेवाच्या देवळात नंदीला हात जोडले की गाभाऱ्याच्या वाटेवर कासव भेटतं. त्याला हात लावूनच आपण आत जातो. हातपाय आवरून घेणारं कासव म्हणजे इंद्रियं आवरलेला स्थितप्रज्ञ, हा गीतेतला दृष्टान्त आपल्यात इतका मुरला आहे, की कोल्हापुरातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये टबात मिटून बसलेलं कासव पाहूनही आपण म्हणतो, ‘किती शांत आहे! कसला म्हणून त्रास नाही.’

जिवंत कासव मान आत ओढतं ते भ्यालेलं असतं म्हणून.

पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं हे तारांकित कासव घरात लक्ष्मी नांदावी म्हणून चोरून आणलं जातं. त्याचा मुलूख गुजरात-राजस्थानचा, आंध्र-तमिळनाडूचा. कोरडा, काटेरी झुडपांचा. तिथं ते गवत, कोवळा पाला, गळून पडलेली फुलं-फळं खातं. इथं पुढ्यात येते दूध-चपाती, ब्रेड, फार तर काकडी. उन्हाशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. मग कवच मऊ पडतं, खवले बेढब टेंगळांसारखे वर येतात. आणि कवच म्हणजे त्याच्या बरगड्या नि पाठीचा कणाच. ते बिघडलं म्हणजे हाडं बिघडली.

आषाढात कोल्हापूरला दिवसच्या दिवस ऊन पडत नाही. ओल्या फरशीवर बसलेल्या कासवाच्या नाकपुड्यांशी बारीक बुडबुडे दिसू लागतात. ही साधी सर्दी नसते, छाती भरत आलेली असते. आपल्यासारखा कफ खोकून टाकणं त्याला जमत नाही. कुत्रं असतं तर विव्हळलं असतं, घर जागं झालं असतं. हे आणखी मिटून घेतं, आणि आपण त्या मुकेपणाला समाधान समजतो.

पाळणाऱ्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण वन्यजीव संरक्षण कायद्यानं हे कासव घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि २०१९ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही कडक बंदी आली. कितीही जीव लावला तरी त्याला त्याचं रान आपल्या बाल्कनीत मिळणार नाही. कुणाकडे असं कासव असेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. पुण्य म्हणून रंकाळ्यात किंवा पंचगंगेत मात्र सोडू नये. ते जमिनीवरचं कासव आहे, खोल पाण्यात बुडून मरतं.