पातेलं हलवायचं नाही

पाठीला दोन उशा घ्या, जरा तिरक्या. आज अक्कलदाढ काढलीय, सपाट झोपायचं नाही. डोकं छातीपेक्षा वर राहिलं की गालाकडे रक्ताची धाव कमी होते आणि ठणकाही कमी. टेकलात? आता खांदे सैल सोडा. हात मांडीवर येऊ देत. जबडा मात्र इतक्यात सोडू नका. दातांत गॉजचा बोळा आहे, आणि डॉक्टरांनी पाऊण तास सांगितलाय म्हणजे पाऊण तास. सारखा काढून बघायचा नाही.

खालचा ओठ शोधा. बोट लावलं तर बोटाला ओठ कळतो, ओठाला बोट कळत नाही. दोन-चार तास हे असंच राहणार. ओठ आपलाच आहे ना, म्हणून चावून खात्री करू नका. भूल उतरल्यावर त्याचं वेगळं बिल येतं.

बर्फ नॅपकिनात गुंडाळून गालावर धरा. पंधरा मिनिटं धरायचा, पंधरा मिनिटं काढायचा, पहिला दिवसभर. गार लागतंय तेवढ्यावरच लक्ष असू दे. गाराच्या कडेला एक सुन्न वर्तुळ आहे, त्याच्या आत कुठेतरी खोल ठोका पडतोय. छातीतलाच ठोका तो, आज जबड्यात ऐकू येतोय इतकंच.

आता जीभ.

श्वास मोजायला सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटले असतील. आज जिभेच्या खेपा मोजा. ती निघते, गालाच्या कडेकडेने मागे सरकते आणि रिकाम्या जागेशी जाऊन डोकावते. तिला रागावू नका. इतकी वर्षं तोंडातला प्रत्येक शेंगदाण्याचा तुकडा तिनंच शोधून काढलाय, तिचं कामच ते. हळूच परत आणा, वरच्या पुढच्या दातांच्या मागे टेकवा. पुन्हा जाईल. पुन्हा आणा. मी पहिल्या संध्याकाळी मोजायला लागलो आणि चाळिसानंतर नाद सोडला.

ती जिथे जाते तिथे काय चाललंय, ते माझ्या आईनं एका वाक्यात सांगितलं. आमच्याकडे रात्री म्हशीचं दूध कोमट करून विरजण लावतात. थंडीच्या दिवसांत पातेल्याभोवती जुना टॉवेल गुंडाळून ते कोपऱ्यात ठेवायचं. लहानपणी मी जाऊन झाकण उचलायचो, पातेलं वाकडं करून बघायचो, लागलं का? सकाळी दही फुटलेलं, वर पाणी सुटलेलं. दाढ काढून आलो त्या दिवशी आई म्हणाली, "विरजण लावलंय असं समज. पातेलं हलवायचं नाही."

दंतवैद्यानं दिलेल्या छापील कागदावर दहा सूचना होत्या, त्या साऱ्या ह्या एका वाक्यात बसतात. खड्ड्यात रक्त साकळतं, त्याची गुठळी होते, आणि ती गुठळी म्हणजेच खालच्या हाडावरचं, नसांवरचं झाकण. म्हणून चोवीस तास चूळ भरायची नाही. स्ट्रॉनं काही ओढायचं नाही, कारण ओढलं की गुठळीही ओढली जाते. थुंकायचं नाही (हे आमच्या गावात सांगणं सोपं, पाळणं अवघड). तंबाखू नाही, मिश्री नाही, सिगारेट तर नाहीच. गुठळी सुटली की हाड उघडं पडतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत असा ठणका चढतो की माणूस रात्री उठून बसतो. तसं झालं, किंवा ताप आला, रक्त थांबेना, तर मनन बाजूला ठेवून सरळ डॉक्टरांना फोन करायचा. तिथे सोसण्यात शहाणपण नाही.

दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी. खळखळून नको. तोंडात घ्या, मान डावीकडे कलू द्या, उजवीकडे कलू द्या, मग तोंड उघडा आणि पाणी आपोआप बेसिनमध्ये पडू द्या. पडताना ऐका.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आरशात जाल. सूज तेव्हाच सगळ्यात जास्त असते. एक गाल दिवाळीतल्या करंजीसारखा. तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. दातखिळी बसणे हा वाक्प्रचार इतका शब्दशः असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. खड्ड्यात पांढरट-पिवळसर थर दिसला तर तो पू आहे असं समजून काडीनं खरवडू नका. ती साय आहे. खालून नवं मांस भरत येतं, त्याच्या आधीची. हिरडी मिटायला तीन-चार आठवडे जातात. आतलं हाड भरायला काही महिने. तुम्ही दाढ विसरून गेलेले असाल तेव्हाही ते भरत असेल.

दारात येणारा प्रत्येक जण एकच विनोद करतो. "काय भावा, अक्कल काढून आलास?" उत्तर देता येत नाही, ते एका अर्थी बरं. कोल्हापूरकराला चार दिवस गप्प बसवायला दुसरा उपाय नाही. मी मूग गिळून गप्प होतो, आणि पानातही मुगाची मऊ खिचडीच.

अक्कल हा शब्द मुळात अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. साधारण सतरा ते पंचवीस ह्या वयात ही दाढ येते, म्हणून तिला हे नाव. तुर्की लोक तिला विसाव्या वर्षाची दाढ म्हणतात. जपानी नाव मला जास्त आवडतं, त्याचा अर्थ आई-बापांना ठाऊक नसलेली. माझी तिशी उलटून गेल्यावर जागी झाली, तीही आडवी, शेजारणीला ढुशी मारत. माझ्या आईला ती ठाऊक नव्हती, हे मात्र खरं नाही. तिला आधी कळलं. मी एका बाजूनं चावतोय हे तिनं महिनाभर पाहिलं होतं.

डोळे मिटा. बाहेरून काय येतंय? उसाचा ट्रॅक्टर जातोय, त्यावर मोठ्यानं लावलेलं गाणं वळणावर बारीक होतं. कुणाच्या तरी घरात तांबड्या रश्श्याची फोडणी. तोंडाला पाणी सुटतं, सुटू दे. गिळा. गिळताना कुठे ओढ बसते ते पाहा, कालच्यापेक्षा कमी की तेवढीच.

माझी दाढ काढली ते दिवस किरणोत्सवाचे होते. अंबाबाईच्या देवळात 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी, आणि पुन्हा नोव्हेंबरात 9, 10, 11 तारखेला मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांशी, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा क्रम. कधी ढग आडवा येतो, कधी वाटेतल्या इमारती, आणि किरणं मध्येच थांबतात. कुणाला काही करता येत नाही. लोक उभे राहतात, सूर्य त्याच्या हिशेबानं सरकतो.

आई तिन्ही दिवस गेली. "गप पडून राहा, मी जाऊन येतो," म्हणायची आणि दार ओढून घ्यायची. मी पश्चिमेच्या खिडकीशी उशांवर. भिंतीवरचा उन्हाचा पट्टा कपाटाच्या कडीवर चढायचा, तांबूस व्हायचा, आणि कधी गेला ते हमखास चुकायचं, कारण तेवढ्यात जीभ निघालेली असायची.

तिसऱ्या दिवशी ती परत आली, चपला काढल्या, माझा गाल हाताच्या पालथ्या बाजूनं चाचपला.

"उतरतीय." मग पिशवीतून केळी काढत, "लई गर्दी. परवा रविवार. अळणी करतो, कोमट दीन."

आमच्याकडच्या अळणीत मीठ असतं. हळद असते, आलं-लसूण असतं, मटणाचा सगळा रस असतो. फक्त तिखट नसतं. मी मान हलवली. तिनं विरजणाचं पातेलं टॉवेलात गुंडाळलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "जीभ."