धक्का गेला कुठं?

गगनबावडा ते कोल्हापूर रस्त्यावर बापूची बोलेरो वडापला धावायची. गाडी तिसऱ्या हातची, पण इंजिन ठणठणीत. २००० साली बोलेरो बाजारात आली आणि खेड्यापाड्यांत मुरली ती तिच्या साधेपणामुळं. मागं कमानीचे पाटे आणि आडगावच्या मिस्त्रीलाही खोलता येईल असा सांगाडा. बापूचा तिच्यावर जीव होता. रोज रात्री तो ती पुसायचा.

गाडी भरली की मागून बसायची. म्हणून त्यानं एका गॅरेजात मागच्या दोन्ही कमानींत एकेक जादा पाटा घालून घेतला होता. गाडी उचलली गेली, आणखी माणसं मावू लागली. पण आता वळणावर मागची बाजू फेकली जायची आणि मोरीवरून गेल्यावर गाडी उसळ्या मारत राहायची. मागचे टायर एकसारखे न झिजता जागोजागी झिजले. बापूनं पैसे साठवले आणि उद्यमनगरातल्या जुन्या मिस्त्रींच्या दारात गाडी उभी केली.

"मिस्त्री, चारी शॉकअप बदला. बाजारात सगळ्यात कडक असतील ते टाका. गॅसचे. पैशाकडं बघू नका."

मिस्त्रींनी गाडीला एक फेरी घातली. बापूनं बंपर दाबून दाखवला, तर ते म्हणाले, "पाट्याच्या गाडीला तसं दाबून काय कळत न्हाई. पाटे एकमेकांवर घासत्यात, त्यातच निम्मी उसळी मरती. चल, फिरवून आणू."

बापू स्टिअरिंगकडं वळला.

"तिकडं नव्हं. मागं बस."

गॅरेजातली पोरंही चढली. मागच्या आडव्या बाकावर, टोकाला, बापू बसला. आपल्याच गाडीत तिथं तो पहिल्यांदाच बसत होता. रंकाळा, फुलेवाडी मागं पडली आणि बालिंग्याच्या पुढं मिस्त्रींनी गाडी नेहमीच्या वडापच्या वेगात सोडली.

चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो. हातात स्टिअरिंग असतं, पाय रोवलेले असतात, अंग आपोआप तयार होतं. शिवाय त्याची जागा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, म्हणजे गाडी सगळ्यांत कमी उडते तिथं. मागचा बाक बरोबर मागच्या चाकांवर असतो. तिथं खड्डा दिसतच नाही, धक्का मात्र थेट मणक्यात येतो, आणि तोंड आडवं करून बसल्यामुळं कमरेला वेगळा हिसका बसतो. एका मोरीवर बापूचं डोकं टपाला लागलं. गाडी खाली आली, पुन्हा उडाली, पुन्हा खाली आली. त्यानं दोन्ही हातांनी दांडी धरली.

या बाकावर रोज कोण बसतं हे त्याला ठाऊक होतं. स्टँडवर चढणारे पुढच्या आणि मधल्या जागा धरतात. मागं उरतात ती वाटेतल्या वाड्यांवरची माणसं: दुधाची किटली घेतलेल्या बायका, दवाखान्याला निघालेले म्हातारे. उतरताना कंबर धरून उतरतात आणि सुट्टे पैसे मोजून देतात. त्यांच्यातल्या कुणी कधी बापूला एक शब्द बोललं नव्हतं. बोलून उपयोग काय? ही गाडी सोडली तर पुढची कधी येईल याचा भरवसा नसतो.

कळ्यात मिस्त्रींनी गाडी बाजूला घेतली. "खाली वाक. पुढच्या शॉकअपला हात लाव."

बापूनं जपून लावला. नळी चांगलीच गरम होती.

"आता मागच्या."

एक जेमतेम कोमट. दुसरा थंडगार, आणि त्याच्यावर तेलात भिजलेल्या धुळीचा थर.

"शॉकअप वजन उचलत न्हाई," मिस्त्री म्हणाले. "वजन पाटे उचलत्यात. पाटा दबला की तो उसळणारच, त्याचा धर्मच त्यो. ती उसळी शॉकअपनं धरायची. आत तेल असतंय, दट्ट्याला बारीक भोकं असत्यात. तेल त्या भोकांतनं रेटत जातंय आन् तापतंय. धक्क्याची ताकद अशी उष्णता होऊन वाऱ्यावर जाती. जो काम करतोय त्याचं अंग तापतंय. ह्यो थंड हाय. मग धक्का गेला कुठं, सांग?"

बापू काही बोलला नाही. त्याची कंबर अजून ठणकत होती.

मिस्त्रींनी सांगितलं ते कोणत्याही जुन्या जीपवाल्यानं ऐकावं असं आहे. चांगला शॉकअप दबताना थोडा सैल सोडतो आणि उसळताना घट्ट धरतो. लांबच्या खराब रस्त्यावर साध्या शॉकअपातलं तेल तापून हवेशी मिसळतं, त्याला फेस येतो आणि पकड सुटते. गॅसच्या शॉकअपात नायट्रोजनचा दाब तो फेस बराचसा रोखतो, म्हणून जास्तीचे पैसे वाया जात नाहीत. पण शॉकअप पाट्याच्या मापाचा हवा.

"मागं जादा पाटा हायच. त्याच्यावर कडक शॉकअप टाकला तर गाडी लाकडागत होईल," मिस्त्री म्हणाले. "चारी शॉकअप कंपनीच्याच मापाचे, गॅसचे टाकू. बुश नवीन. आन् जादा पाटा काढू."

"पाटा काढला तर गाडी परत मागनं बसंल की."

"बसंल. परवान्यापेक्षा जास्त माणसं भरलीस तर बसंल."

बापूनं मनात भाडं मोजलं. कमी झालेली माणसं, गुणिले फेऱ्या, गुणिले महिना. शॉकअपसाठी पैसे काढताना तो कचरला नव्हता, कारण ते गाडीवर खर्च होणार होते. हे पैसे मात्र कुठंच दिसणार नव्हते. "उद्या सांगतो," म्हणून तो तशीच गाडी घेऊन निघाला.

संध्याकाळच्या फेरीला गाडी खच्चून भरली. प्रत्येक खड्ड्याला मागून दबका हुंकार येत होता. तो आवाज रोजच येत असणार. त्या दिवशी बापूला तो ऐकू आला. साळवणच्या अलीकडं त्यानं वेग उतरवला, मधल्या दोन तरण्या पोरांना मागं पाठवलं आणि मागच्या म्हातारीला मध्ये आणलं. पोरं कुरकुरली. म्हातारी आधी उठेचना, आपल्याला उतरवताहेत असंच तिला वाटलं.

सकाळी तो गॅरेज उघडायच्या आधी दारात उभा होता.

काम दुपारपर्यंत उरकलं. गाडी काही गादीवरून चालल्यासारखी झाली नाही, पाट्याची गाडी ती. पण मोरीवर एकदा दबते, एकदा वर येते आणि थांबते. ब्रेक मारला की चाकं रस्ता धरून राहतात. बापू आता पहाटे एक फेरी जास्त मारतो. तरीही महिन्याची मिळकत पहिल्याइतकी होत नाही, आणि हे तो घरी स्पष्ट सांगतो.

पुढं फेऱ्या वाढल्या तेव्हा त्यानं हाताखाली एक पोरगा ठेवला. पहिल्या दिवशी पोरगा किल्ली मागायला आला, तर बापूनं त्याला मागचा बाक दाखवला.

"दादा, मला गाडी चालवता येती!"

"येत असंल. आठवडाभर हितं बस. कळ्यात थांबलो की चारी शॉकअपला हात लावायचा आन् कुठला थंड हाय ते मला सांगायचं."