आजचं चिंतन (गीता ५.१८) : माझा कुत्रा, त्यांची मेंढी



आजचा श्लोक गीतेच्या पाचव्या अध्यायातला अठरावा. विद्या आणि विनय असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने सगळ्यात खालचा ठरवलेला माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी लोक सारख्याच नजरेने पाहतात, असं भगवान सांगतात. हा श्लोक माझा फार लाडका. कारण उघड आहे, त्यात कुत्रा आहे! आमचा काळू घरी आल्यापासून मी तो कितीतरी जणांना ऐकवलाय. पण त्याचा अर्थ मला गेल्या एप्रिलमध्ये कळला, तोही एका मेंढीमुळे.

आम्ही मँचेस्टरला राहतो. एप्रिलच्या शेवटी चार दिवस कॅरव्हॅन गाडीमागे जोडून लेक डिस्ट्रिक्टमधल्या बॉरोडेल खोऱ्यात गेलो. साइटवर पोचताच नियमांचा कागद हातात मिळाला. कुत्रा कायम लीशवर हवा. लीश आखूड धरायची. त्याला कॅरव्हॅनमध्ये एकटं ठेवून फिरायला जायचं नाही. शी लगेच उचलायची. मोकळं सोडायचं तर त्यासाठी राखलेल्या कुंपणाच्या मैदानातच. मी मनात म्हटलं, हे सगळं दुसऱ्यांच्या कुत्र्यांसाठी असणार. आपला काळू म्हणजे गरीब गाय!

दुसऱ्या संध्याकाळी शेजारच्या कॅरव्हॅनमधली पाच-सहा वर्षांची मुलगी काळूला बघून पटकन पायरीवर चढली. मी हसत म्हणालो, "घाबरू नकोस, तो काही करत नाही." तिची आई तिला उचलून आत गेली. मला वाटलं, काय माणसं असतात, जीव लावणं माहीतच नाही यांना.

तिसऱ्या दिवशी पहाटे हातात जपमाळ घेऊन काळूला बाहेर काढलं. कुणी उठलं नव्हतं. एका हातात माळ, एका हातात लीश, नामात मन लागेना. म्हणून लीश सोडली. दगडी कुंपणाचं फाटक किंचित उघडं होतं. काळू आत गेला, आणि आत हर्डविक मेंढ्यांचा कळप होता. या डोंगरांतली ही जुनी जात. पिल्लं जन्मतात काळीभोर आणि वाढत जातील तशी राखाडी होतात. एप्रिल-मे हे त्यांच्या विण्याचे दिवस. बऱ्याच मेंढ्या पोटुशा होत्या.

काळूने कुणालाही चावा घेतला नाही, हे मी शपथेवर सांगेन. तो आनंदाने पळत होता. पण कळप जीव घेऊन पळत होता. एक जड झालेली मेंढी भिंतीवर आपटली आणि पडली. मी रिकामी लीश हातात घेऊन मागे धावत होतो, ओरडत होतो.

शेतकरी आजोबा आले. त्यांचा स्वतःचा कुत्रा एका शब्दासरशी त्यांच्या पायाशी बसला. मी धापा टाकत तेच बोललो जे त्या मुलीला बोललो होतो. "तो प्रेमळ आहे हो, काही करत नाही." ते शांतपणे म्हणाले, "हे तुम्हाला माहीत आहे. मेंढीला कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम चौकशीला गेलो. त्या मेंढीला मेलेलं पिल्लू झालं होतं. ते म्हणाले, "पळापळीमुळे असेल, नसेलही. सांगता येत नाही."

त्या रात्री मी काय केलं असेल? मी शास्त्राचा आधार घेतला. ज्याचं त्याचं कर्म. हरीच्या इच्छेशिवाय पानही हलत नाही. आणि नक्की कारण तरी कुठे ठाऊक आहे? थोडा वेळ बरं वाटलं. मग लाज वाटली. "हरीची इच्छा" हे शब्द ज्याचं नुकसान झालं त्याच्या तोंडी भक्ती असतात. ज्याच्या हातून नुकसान झालं त्याच्या तोंडी ती पळवाट असते. पिल्लू कशाने गेलं हे मला कधीच कळणार नाही. पण लीश मी सोडली, हे मला पक्कं ठाऊक आहे. माझ्या वाट्याचं तेवढंच आहे आणि तेवढं मला पुरे आहे.

इथला कायदाही गंमत म्हणून केलेला नाही. १९५३ पासून इथे जनावरांच्या रक्षणाचा कायदा आहे. मेंढ्यांच्या शेतात कुत्रा लीशशिवाय आणि ताब्याबाहेर असेल तर तो गुन्हा ठरतो, चावा घेतला नाही तरी. दुसरा कोणताच उपाय नसताना कळप वाचवायला शेतकऱ्याने कुत्र्यावर गोळी झाडली, तर १९७१ च्या कायद्यात त्याला बचाव आहे. म्हणजे त्या पहाटे माझा काळूही गेला असता, आणि मी आयुष्यभर त्या आजोबांना दोष देत बसलो असतो. शी उचलायच्या नियमाचंही तसंच. कुत्र्याच्या शीमधून गवतात जाणाऱ्या एका परजीवीमुळे गाईंचा गर्भपात होतो. मला ते नुसतं स्वच्छतेचं वेड वाटायचं.

आता श्लोकाकडे या. त्यात कुत्रा एकटा नाही, शेजारी गाय उभी आहे. मी मात्र यादीतून माझ्यापुरता एक शब्द उचलला होता. काळूत देव दिसतो म्हणायचो. मग मेंढीत का दिसला नाही? त्या घाबरलेल्या पोरीत का दिसला नाही? उत्तर कडू आहे. मी काळूत देव पाहतच नव्हतो, मी "माझं" पाहत होतो. ममता आणि समदृष्टी लांबून सारख्याच दिसतात. फरक तेव्हा कळतो, जेव्हा आपल्या लाडक्याच्या मजेची किंमत दुसऱ्या कुणाला मोजावी लागते.

महाप्रस्थानाच्या वाटेवर युधिष्ठिराच्या मागे एक कुत्रा चालत होता. त्याला सोडून स्वर्गात यायला युधिष्ठिराने नकार दिला. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, हे आपल्याला माहीत आहे. पण युधिष्ठिर त्याच्यासाठी भांडला तो कुत्रा "माझा" म्हणून नव्हे. तो विश्वासाने मागे आला होता म्हणून. जो विश्वासाने आपल्या मागे येतो, त्याची जबाबदारी आपली. आणि त्याच्यामुळे कुणाला त्रास झाला, तर तीही आपलीच. काळूला फाटक कळत नाही, विण्याचे दिवस कळत नाहीत. कळायला हवं होतं ते मला.

मी आजोबांना नुकसानीचे पैसे दिले. त्यांनी घेतले, ते बरं झालं. माफ केलं वगैरे काही म्हणाले नाहीत.

निघायच्या दिवशी ती मुलगी सायकल घेऊन बाहेर येताना दिसली. मी काळूला आखूड धरून रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. ती पायरी उतरली आणि आमच्याकडे न बघता सायकलवरून निघून गेली. बस्स. तिला काळू आवडायलाच हवा असं कुठे आहे? तिला रस्ता मोकळा मिळाला, एवढंच हवं होतं.

आजचा संकल्प : तुमच्याकडे कुत्रा असो वा नसो, आज एकदा तरी "तो काही करत नाही", "माझं मूल जरा मस्तीखोर आहे", "आमचा आवाज एवढा मोठा नाही" असं काही तोंडावर आलं, की थांबा. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, रस्त्यावर, कुठेही. समोरच्याच्या जागी उभं राहून बघा. आणि लीश, मग ती कशाचीही असो, दोन बोटं आखूड धरा. माळ दुसऱ्या हातात राहू दे. एवढ्याने नाम मोडत नाही, हे आता मला कळलंय.

श्रीकृष्णार्पणमस्तु.